डब्बा चालू होईपर्यंत

वरवट बकालच्या बसस्टँडसमोर कुलदीपचं ऑनलाइनचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं की त्याच्या बायकोचं, अनुपमाचं स्वयंपाकघर. मधे एक विटांची भिंत, तिला गिलावासुद्धा नाही. अनुपमाचा अर्धा संसार त्या भिंतीला कान लावून झाला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी अवाक्षर काढत नव्हतं, ही आमची लायकी.

कुलदीपचा हात जिभेच्या आधी चालायचा. विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, घाल स्टार्टरला लाथ. टीव्हीवर मुंग्या आल्या, हाण चापट. बैल अडला, टोच पुराणी. "मारल्याबिगर या दुनियेत काहीच चालत नाही," असं तो चारचौघांत छाती ठोकून सांगायचा, आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण एकदा अशाच चापटीनं ग्रामपंचायतीतला पंखा खरोखर सुरू झाला होता. बायकोलाही त्यानं तोच कायदा लावला. पाणी उशिरा दिलं म्हणून लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. ते आजही थंडीत ठणकतं.

अनुपमानं ते सगळं गिळलं. पण त्यांची पोरगी काजल सहा-सात वर्षांची झाली आणि एक दिवस हाक मारल्याबरोबर आली नाही म्हणून बापानं स्टीलचा गिलास तिच्या कपाळावर फेकून मारला. शेगावच्या दवाखान्यात टाके पडले. अनुपमा दवाखान्यातून घरी आलीच नाही, पोरीला कडेवर घेऊन सरळ नांदुऱ्याला माहेरी गेली.

मग रीतीप्रमाणे माणसं आणायला गेली. कुलदीप होता, त्याचे वडील हिंमतराव होते, आणखी दोन भाऊबंद. चहा झाला, सुपारी फुटली. अनुपमा बाहेर आली, डोक्यावर पदर न घेता उभी राहिली आणि म्हणाली, "मले मारलं ते मी पचवलं. आता परत पोरीवर हात पडला त गेली ते गेली. मंग अख्खं गाव आलं तरी वापस येत नसतो मी."

कुलदीप खाली पाहून म्हणाला, "पण राग आला त मी काय करू? माहा हात खाजवते."

"मंग त्या डब्ब्याले मारा. तो काही रडत नाही."

डब्बा म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर. नांदुऱ्यात बंद पडलेल्या एका क्लासमधून जुनाच उचललेला, चालू व्हायला रडारड करणारा. सगळे खो खो हसले. भाऊबंदांनी कुलदीपच्या पाठीवर थाप मारली, अनुपमा पोरीला घेऊन परत आली आणि प्रकरण मिटलं. आमच्याकडं अशी प्रकरणं अशीच हसण्यावारी मिटतात.

गंमत अशी, की कुलदीपनं ते खरंच धरलं. सकाळी शटर वर जायचं, अगरबत्ती लागायची, बटण दाबलं जायचं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागायचे. फिरत राहायचे. बाहेर सातबारावाले, आधारवाले उभे. "झाला काय बे चालू?" कोणीतरी विचारायचं, आणि कुलदीपच्या कपाळाची शीर तटतटायची. मग पहिला दणका. मग बुक्की. मग पायातली चप्पल. कधी तो डब्ब्याला दोन्ही हातांनी धरून टेबलावर आपटायचा, शिव्या अशा द्यायचा की स्टँडवरची कुत्री पळायची. पत्र्याला पोचे पडले, पुढचं झाकण केव्हाच निघालं, तरी मारणं थांबलं नाही.

भिंतीपलीकडं अनुपमा तो दणका ऐकायची आणि निवांत कणीक मळायला घ्यायची. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, निघो बापडं. डब्बा चालू होईपर्यंत कुलदीपचं विष उतरलेलं असायचं. मग पलीकडून त्याची मऊ आवाजात हाक यायची, "चहा होते काय वो?" पोरीच्या कपाळावरचा वण पांढरा पडत चालला होता. ती शाळेतून आली की आधी दारातून बापाचा चेहरा पाहायची, मग आत यायची. हळूहळू न पाहताही यायला लागली. अनुपमानं मनातल्या मनात त्या डब्ब्याला कितीदा हात जोडले असतील. मार खाणारा दुसरा कोणी घरात आहे, यासारखं सुख नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण ज्यानं मार खाल्ला त्यालाच ते कळतं.

फक्त डब्बा दिवसेंदिवस हळू व्हायला लागला. आधी चहा पिऊन होईपर्यंत चालू व्हायचा, मग आंघोळ उरकेपर्यंत, मग अकराची गाडी निघून गेली तरी ठिपके फिरतच. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी तर कहर झाला. रांग रस्त्यापर्यंत गेलेली, डोक्यावर ऊन. टुनकीचा एक शेतकरी वैतागून बोलला, "तुहा डब्बा चालू होईन तवर माही तूर सोंगून होईन."

लोक हसले. कुलदीप टेबलावरून उडी मारून बाहेर आला, त्या माणसाची मान धरली आणि तोंड शटरच्या लोखंडी पट्टीवर आदळलं. एकदा नाही. दोघं रस्त्यावर आले, धुळीत लोळले. सोडवेपर्यंत त्या माणसाचे पुढचे दात पडले होते आणि कुलदीपच्या दंडाचा त्यानं लचका तोडला होता. पोलिसांपर्यंत गेलं नाही ते हिंमतरावांच्या पांढऱ्या केसांकडं पाहून.

संध्याकाळी हिंमतराव मुलाला म्हणाले, "माणसं मारू मारू दुकान चालत नसते. सुनबाईच्या भावाले बोलाव."

गोपाल, अनुपमाचा धाकटा भाऊ, नांदुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन आला. आधी त्यानं पाहिलं, डब्बा चालू होतानाच कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप उठतात. "भाऊजी, तीन-तीन अँटीव्हायरस घातले तुमी. हे एकमेकाचं नरडं धरून बसले, काम कोण करन?" त्यानं दोन काढून टाकले, बाकीचं बिनकामाचं बंद केलं. डब्ब्याच्या आतल्या पंख्यातून कापसाचा आणि अगरबत्तीच्या राखेचा गोळा निघाला. थोडा फरक पडला, पण थोडाच. मग त्यानं डब्ब्याला कान लावला. आतून कट्, कट्, कट् असा आवाज येत होता.

कुलदीप बाहेर तंबाखू मळत होता. गोपालनं बहिणीला हळूच विचारलं, "ताई, याले कोणी मारते काय? याच्यात एक चकती फिरते. मार खाऊन जागोजागी जखमी झाली ते. एक अक्षर वाचाले दहा डाव तिथंच घुटमळते. जेवढं मारसान तेवढं हळू चालन." आणि पिशवीतून एक लहानशी चपटी वस्तू काढून म्हणाला, "हे नवीन टाकतो. याच्यात फिरणारं काहीच नाही. बटण दाबलं का चालू."

 अनुपमानं त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "नको टाकू, गोपाल. हळूच चालू दे त्याले."

"काऊन?"

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. पलीकडून कुलदीपचं खाकरणं ऐकू आलं आणि गोपालला सगळं उमजलं. त्याचा चेहरा उतरला. "मी नाही टाकलं त भाऊजी दुसऱ्याले बोलावतीन. तू पोरीले घेऊन आजच चाल माह्यासंग."

"पोरीची परीक्षा चालू आहे. आणि आता सुधरले ते," अनुपमा म्हणाली. स्वतःचं बोलणं तिला स्वतःलाच पटलं नव्हतं. तिनं तेव्हाच जायला हवं होतं, आणि हे मी तिच्या तोंडावरही सांगितलं असतं. गोपालनं ती नवीन वस्तू बसवली आणि जाताना दारात थांबून म्हटलं, "फोन करजो."

बटण दाबलं आणि कुलदीप खुर्चीवर टेकायच्या आत पडदा उजळला. तो लहान पोरासारखा हसला. डब्ब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि घरात दम दिला, "याले कोणी बोटही लावजा नका." ज्याच्यावर रोज चप्पल पडत होती तो आता देव झाला. आठवडाभर पेढे वाटल्यासारखं घर होतं. पण राग काही त्या चकतीत नव्हता. सरकारी साइट बंद पडायची, गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, आणि कुलदीपची मूठ मांडीवर नुसती आवळत-सुटत राहायची. अनुपमा ते दारातून पाहायची.

त्या सकाळी साइट उघडत नव्हती. अनुपमानं काजलच्या हाती चहा पाठवला आणि परातीकडं वळली. दुकानातून दणका ऐकू आला. सवयीनं तिचा जीव भांड्यात पडला, तिनं कणकेत पाणी घातलं. दुसरा दणका आला. हा पत्र्याचा आवाज नव्हता.

ती धावली. चहा टेबलावर सांडून डब्ब्याच्या हारापर्यंत गेला होता. कुलदीपनं काजलचे केस मुठीत धरले होते आणि दुसऱ्या हातानं तो तिला हाणत होता, तालात, न बोलता, जसा डब्ब्याला हाणायचा. पोरीचा ओठ फाटला होता. ती रडतसुद्धा नव्हती. रांगेतली माणसं हातात कागद धरून उभी होती.

अनुपमानं लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव त्याच्या कोपरावर बसला, हाड वाजलं, केस सुटले. तो वळला तसा दुसरा खांद्यावर. तो खाली पडला, "अवो, अवो" करायला लागला, तरी ती मारत राहिली, पाठीवर, मांडीवर, हारासकट डब्बा खाली आला तर डब्ब्यावर, मग परत कुलदीपवर. हिंमतराव ओरडत आले, "सोड वो सुनबाई, मरन तो." तिला ऐकू येत होतं. थांबावंसं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं मनगट ठणकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते गोड लागत होतं.

दोघा-तिघांनी स्टूल हिसकावून घेतलं. कुलदीप कोपऱ्यात सरकून हात पोटाशी धरून कण्हत होता. अनुपमाला धाप लागली होती. काजल टेबलाखाली गेली होती, हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. अनुपमा गुडघ्यावर बसली, पदराचं टोक धरलं आणि तोंड पुसायला हात पुढं केला.

काजलनं दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली आणि भिंतीला चिकटली. "नको मारू न आई. मी लवकर लवकर करतो आता सगळं."

अनुपमाचा हात तिथंच राहिला. कणकेचा हात, त्यावर कुलदीपचं रक्त. मागं कोणीतरी गोपालला फोन लावत होतं, गाडी घेऊन ये म्हणत होतं. नांदुऱ्याला जायचं आता ठरलंच होतं, त्यात काही बोलायचं उरलं नव्हतं. तिनं हात मागं घेतला, मांडीखाली दाबून धरला आणि पोर आपणहून बाहेर यायची वाट पाहत तिथं फरशीवर बसून राहिली.