पावाची गाडी

ही गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा सांगितली जाते, पण मी ती कधी सांगितलेली नाही. कुणी सुरू केली की मी पाणी प्यायला उठतो, नाहीतर चष्मा शोधायला लागतो. घरच्यांना वाटतं, दाजींच्या हाताची आठवण मला सोसत नाही. तसं वाटू देणं सोयीचं होतं, म्हणून इतकी वर्षं वाटू दिलं.

गेल्या लग्नसराईत दाजींच्या नातवानं मांडवात बसून ती नव्या पाव्हण्यांना सांगितली. सोलापूरच्या पाववाल्यानं आमच्या आजोबांच्या गळ्यात मोडकी गाडी कशी मारली आणि देवाच्या शपथेची वेळ आली तेव्हा तो कसा शेपूट घालून पळाला, हे त्यानं नकला करून दाखवलं. लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला, "ती जातच तसली." मी समोरच बसलो होतो. मी चष्मा शोधायला लागलो.

ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी कशी झाली, हे मला एकट्यालाच माहीत आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आईवडील लवकर गेल्यामुळं मी त्यांच्याकडंच मुरुमला वाढलो. तेव्हा आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं आणि बाहेर मोठी लढाई चालू होती. दाजींचा तेलाचा घाणा होता. करडईचं तेल डब्यांत भरायचं, पेंडीची पोती बांधायची आणि बैलगाडीनं उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर असे बाजार करायचे. एक बाजार झाला की बैलांना विसावा द्यावा लागे, तोवर दुसरा हुकायचा. मी मधे सोलापुरात एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात राहून गाडी चालवायला शिकून आलो होतो. परत आल्यावर पुन्हा घाण्याच्या बैलामागं गोल गोल फिरणं नशिबी आलं, तेव्हा मी दाजींच्या मागं लकडा लावला, की जुनी का होईना, एक मोटार घेऊ.

सोलापुरात एक बेकरीवाले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचे टोस्ट आणि खारी आमच्या मुरुम-उमरग्याच्या दुकानांत यायची, ती त्यांच्याच बंद डब्याच्या मोटारीतून. पेट्रोल कुपनावर गेलं तेव्हा त्यांनी मागं कोळशाचा बंब बसवून घेतला आणि गाडी कोळशाच्या वायूवर चालवली. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळं पुढं सरहद्दीवरच्या जकातीचा जाच वाढला, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली. खारीचे डबे उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावरून पाठवणं त्यांना सोपं वाटलं असावं.

दाजी गाडी बघायला गेले ते बैल बघायला गेल्यासारखे. भोवती फिरले, पाठीवर थाप मारावी तशी पत्र्यावर थाप मारली, चाकं खूर बघावेत तशी वाकून बघितली आणि विचारलं, "खोड काय हाय हिची? मारती का, का मधीच बसती?"

चाचा हसले. "मारत नाही हो सावकार. तहान मात्र लई लागते."

"दात?"

"दात तर माझेच पडले, हिचे शाबूत आहेत!"

मग दाजींनी खांद्यावरचा पंचा चाचांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, चारचौघांना कळू नये म्हणून. चाचांना ते माहीत नव्हतं. ते हात काढून घेत ओरडले, "अरे अरे, गुदगुल्या होतात! मुँह से बोलो ना!" भट्टीवरचे कामगार खिदळायला लागले. शेवटी भाव तोंडानंच ठरला, आणि दाजी नारळ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

तेवढ्यात चाचांनी मला गाडीच्या मागं नेलं.

"बेटा, चालवणारा तू ना? मग ऐक. ही पावाची गाडी आहे. जन्मभर पाव वाहिला हिनं, आणि पावाला वजन असतं का? मागच्या दोन चाकांना जोडणारा हा आस एकदा मोडला होता. सांधून घेतलाय. लढाईमुळं नवा मिळत नाही. कापड न्या, खारी न्या, काही होणार नाही. पण तेलाचे डबे ठासून भरले तर उतारावर दगा देईल. नवा आस मिळेस्तोवर निम्माच माल घाला. दाजींना सांग. सांगितल्याबिगर नारळ फोडू देऊ नको."

वाकून आसाला हात लावत त्यांनी पुन्हा बजावलं, "निम्माच माल."

"सांगतो," मी म्हणालो.

आतून कुणीतरी हाक मारली, भट्टीतला माल करपत होता. चाचा आत पळाले आणि दाजी नारळ घेऊन आले.

"काय म्हणत व्हते रं?"

मला त्यांचा स्वभाव माहीत होता. एकदा मोडून सांधलेल्या पायाचा बैल त्यांनी कधी फुकटही घेतला नव्हता. सांधलेलं हाड ओझ्याखाली आठवण काढतं, असं ते म्हणायचे. मी सांगितलं असतं तर नारळ तसाच पिशवीत घालून ते चालायला लागले असते, आणि मी उद्यापासून घाण्यावर.

"पाणी सारखं बघत जा म्हणत्यात," मी म्हणालो. "अन् कोळसा कोरडा वापरा."

नारळ फुटला. चाचा हात पुसत बाहेर आले आणि मला म्हणाले, "सांगितलं ना सगळं?" मी मान हलवली. दाजीच म्हणाले, "व्हय व्हय, सांगितलं की." चाचांचं समाधान झालं.

गाडी घरी आली तेव्हा अक्कानं तिला दारातच थांबवलं. "तम्मा, हिला अंड्याचा वास येतोय," ती म्हणाली. आमच्याकडं कानडी मिसळलेली असते, धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. तिनं डबा शिकेकाईच्या पाण्यानं आतून बाहेरून घासला आणि समोरच्या पत्र्यावर भस्माची तीन बोटं ओढली. तरी कितीतरी दिवस फटींतून पावाचा चुरा निघायचा आणि मुंग्या यायच्या. शेजारी म्हणायचे, "तुमची मोटार लई गोड हाय बगा."

सुरुवातीला मी माल कमी भरायचो. नवी आहे, सवय होऊ द्या, म्हणायचो. दाजी हसायचे. "बैलाला येवढं कधी जपला न्हाईस. बायकू आल्यावर तिला तरी जपशील का?" मला वाटायचं, असंच चालेल. मधेच कुठं नवा आस मिळेल, बसवून घेऊ, आणि सांगायची वेळच येणार नाही.

मग तुळजापूरचं नवरात्र आलं. त्या दिवसांत तिथं दिव्यांना तेल पुरत नाही. दाजींनी पहाटेपासून डबे भरायला लावले. डब्यावर डबा, वर पेंडीची पोती. मी म्हणालो, "दाजी, दोन खेपा करू."

"कशाला? कोळसा काय फुकट येतो? बसतंय समदं."

मी दाराला हात लावून उभा राहिलो. तोंडात शब्द होते. पण आता सांगायचं म्हणजे तेव्हा का सांगितलं नाही तेही सांगायला लागणार. मी गाडीत चढून बसलो.

नळदुर्गच्या अलीकडं, नदीकडं उतरताना मागून कडकन आवाज झाला. गाडी एका बाजूला बसली आणि फरफटत जाऊन बांधाला टेकली. दाजी मागं डबे धरून बसले होते. त्यांचा उजवा हात डब्यांच्या आणि दाराच्या लोखंडी चौकटीच्या मधे सापडला. मी धावत गेलो तेव्हा तेल रस्त्यावरून ओढ्यासारखं वाहत होतं. शेतातल्या बाया लोटे, घमेली, मिळेल ते घेऊन धावत येत होत्या. दाजी मला ओरडून सांगत होते, "डबे सरळ कर आधी, डबे!" आपल्या हाताकडं त्यांनी अजून बघितलंच नव्हतं.

सोलापूरच्या दवाखान्यात हात वाचला, पण बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. पंच्याखाली भाव करणारा तो हात पुढं आयुष्यभर मांडीवर उताणा पडून राहिला.

लोहारानं मोडलेला आस बघितला आणि म्हणाला, "ह्यो तर आधीच सांधलेला हाय." दाजींनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर संशय म्हणून नाही, मलाही धक्का बसला असेल म्हणून. "फसवलं रं आपल्याला त्या म्हाताऱ्यानं," ते म्हणाले. मी खाली बघितलं. तेवढंच केलं.

त्यानंतर दाजी ज्या बाजारात गेले तिथं तो हात पुढं करून त्यांनी चाचांचं नाव सांगितलं. दाजींचा शब्द आमच्या भागात मोठा होता. मुरुमच्या दुकानदारांनी खारीचे डबे परत पाठवले. मग उमरग्याच्या.

एके दिवशी चाचा स्वतः सर्व्हिस मोटारीनं मुरुमला आले. दाजी घाण्याच्या ओट्यावर बसले होते, शेजारची चार माणसं होती. चाचांनी आधी हात बघितला. बराच वेळ बघितला.

"सावकार, मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"ह्याला. तुम्ही नारळ आणायला गेला तेव्हा."

सगळे माझ्याकडं वळले. दाजी म्हणाले, "सांगितलं व्हतं का रं?"

"पाण्याचं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"अन् आसाचं?"

"न्हाय."

चाचा माझ्याजवळ आले. ते चिडले नव्हते. मला विसर पडलाय आणि आता आठवेल, अशा नजरेनं ते बघत होते. "दोनदा सांगितलं बेटा. आसाला हात लावून दाखवलं."

"न्हाय," मी पुन्हा म्हणालो.

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, तोच आपला देव. वाद मिटत नसला की ते तळहातावर घेऊन बोलायचं, त्यानंतर कुणी काही विचारत नाही. आणि ज्यानं शपथ मागितली तोच मागं हटला, तर खोटा तो, असा आमच्याकडचा रिवाज. चाचांना पहिली गोष्ट माहीत होती. दुसरी माहीत होती की नाही, मला सांगता येत नाही.

"ह्याला आपला देव हातात घेऊन बोलू द्या," ते म्हणाले. "मग माझं काही म्हणणं नाही."

"घे रं," दाजी म्हणाले. "आपल्याला कशाची भीती?"

मी सदऱ्याच्या आत हात घातला, गाठ सोडली आणि लिंग तळहातावर घेतलं. मी बोललो असतो. हे लिहिताना हात थांबतोय, पण ते खरं आहे. मी खोटं बोललो असतो.

चाचांनी माझा तळहात बघितला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "राहू दे बेटा. बांध ते."

"का ओ चाचा?" ओट्यावरून कुणीतरी ओरडलं. "आता का पाय मागं? शपथ तुमीच मागितली न्हवं?"

"चूक माझी आहे," चाचा दाजींना म्हणाले. "तुमच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं. ह्याच्यावर सोडायला नको होतं."

लोकांनी त्यातलं 'चूक माझी आहे' एवढंच घेतलं. चाचा मोटारीच्या थांब्याकडं चालत निघाले तेव्हा मागून एकानं शिट्टी मारली. दाजी म्हणाले, "देवापुढं टिकलं न्हाय बग." आणि आपला डावा हात त्यांनी माझ्या पाठीवरून फिरवला.

एका पोरानं आपल्या देवासमोर खोटं बोलू नये, म्हणून त्या माणसानं आपलं नाव घालवलं. मला ते तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कधीतरी उमगलं असं म्हणायचीही सोय नाही.

त्यांचा माल पुन्हा आमच्या बाजूला आला नाही. पुढं रझाकारांचे दिवस आले, सरहद्दीवर जाणंयेणं अवघड झालं, मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. गाडी आम्ही भंगारात घातली आणि बैलांवर परत आलो. दाजींच्या वतीनं बाजार मीच करायचो. लोक त्यांना म्हणायचे, "मेहुणा असावा तर असा." दाजी ते ऐकून सुखावायचे, आणि मी तेलाचं माप भरत राहायचो. त्यांना सांगावं असं अनेकदा मनात आलं. पण त्यांच्याकडं गेलेल्या हाताच्या जागी आता मी एकटाच होतो, असं म्हणून मी स्वतःला अडवलं. खरं तर मला ते कौतुक सोडवत नव्हतं.

दाजी गेल्यावर मी सोलापूरला गेलो. बेकरी तिथंच होती. चाचा दारात खुर्चीवर बसले होते, नजर मंद झाली होती. मुलगा भट्टी बघत होता.

"कोण?"

"मुरुमचा. तेलवाल्यांचा मेहुणा."

"सावकार कसे आहेत?"

"गेले."

दोन्ही हात वर करून ते काही पुटपुटले. मग म्हणाले, "हात दुखायचा का शेवटी?"

"न्हाय," मी म्हणालो. थंडीत तो रोज दुखायचा.

"चाचा, एक बोलायचं होतं."

"बोल ना." त्यांनी कान माझ्याकडं केला आणि वाट बघितली. मुलगा आतून बघत होता. मी उभा होतो, आणि माझ्या तोंडातून आलं ते एवढंच, "खारी द्या थोडी."

त्यांनी मुलाला हाक मारून पुडा बांधायला लावला. पैसे घेतले नाहीत. पुन्हा गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि मुलाला काही विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या दिवशी मला जे बोलायचं होतं ते असं: चाचा, तुम्ही सांगितलं होतं. आसाला हात लावून, दोनदा सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि दाजींपासून लपवलं. दाजींचा हात माझ्यामुळं गेला आणि तुमचं नावही माझ्यामुळंच. तुम्ही मला खोट्या शपथेतून सोडवलंत, आणि तुम्ही खोटे ठरत असताना मी उभा राहून बघत होतो. चाचा, मला माफ करा.