रशिदाचा खुराक

माझ्या आईचे वडील लालासाब, आमचे नाना, कोल्हापुरातल्या एका तालमीत खुराक करायचे. बदाम घोटायचे, थंडाई गाळायची, म्हशीचं धारोष्ण दूध आणायचं, तूप कढवायचं, एवढंच त्यांचं काम. महाराजांचं राज्य होतं, खासबागेचं मैदान नुकतंच बांधून झालं होतं आणि गावात पैलवानाला देवाच्या खालोखाल मान होता. नाना स्वतः मात्र काटकुळे. आखाड्यात उतरले असते तर मातीनंच त्यांना चीत केलं असतं. पण कुठल्याही हाडकुळ्या पोराला ते एका हंगामात अंगानं भरदार करून सोडत, आणि याचा त्यांना भलता गर्व होता. माणूस भेटला की आधी त्याचा दंड चाचपायचे, मग नाव विचारायचे.

त्या गर्वापायी माझी आई मरता मरता वाचली. मी असं म्हटलेलं आईला आवडायचं नाही. तरी मी म्हणणार.

आईला, रशिदाला, गडहिंग्लजला दिली होती. तिची सासू सुगरा पोटुशी सुनेला अर्धपोटी ठेवायची. बाई जास्त खाते, मग पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं, असं तिचं ठाम मत. वाईट नव्हती ती. तिची थोरली लेक अशीच अडून गेली होती आणि ती भीती तिच्या मनातून कधी निघालीच नाही. पण त्या भीतीनं तिनं सुनेला वाळवलं. आईची पहिली दोन्ही मुलं ओंजळीत मावतील एवढी जन्मली आणि आठवडाही न काढता गेली.

तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तसे नाना छकडा घेऊन गडहिंग्लजला पोचले. लेकीचा दंड चाचपला आणि दारातच ओरडले, "हिच्या अंगाव मांस न्हाय, पोराच्या अंगाव कुठनं येणार वो? पोर जगवायचं आसंल तर आता मी जगवतो!" आणि लेकीला घेऊन कोल्हापूरला परतले. आईची आई कधीच वारली होती. घरात बाप आणि लेक, दोघंच.

नानांना जगात एकच विद्या येत होती, ती त्यांनी लेकीवर चालवली. उजाडायच्या आत बदामाची थंडाई. मग तांब्याभर दूध. दुपारी तुपात बुडवलेला शिरा, संध्याकाळी पुन्हा दूध. पैलवानाचा खुराक आला तशी पैलवानाची पथ्यंही आली. आंबट बंद, तिखट बंद. आईला डोहाळे लागले होते चिंचेचे. "आंबटानं अंग ढिलं पडतंय," नाना म्हणायचे, आणि तिनं ओकून टाकलं की दुसरा पेला भरायचे. पाणी शेजारची विठाबाई भरायची, झाडलोट तीच करायची. आई उठायला गेली की नाना हात धरून तिला खाली बसवायचे.

त्यांच्या जिवाला थार नव्हता. तालमीत बदाम घोटता घोटता उठायचे, घरी यायचे, लेकीचा दंड चाचपायचे आणि परत जायचे. अर्ध्या वाटेवर काहीतरी मनात यायचं की पुन्हा मागं फिरायचे. दूध दोनदा उतू घालवलं तेव्हा वस्तादांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. रात्री आईला कूस बदलताना धाप लागली की हे अंथरुणात उठून बसत. हे पोर राहतंय का नाही, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सातवा लागला तोवर आईचं अंग इतकं सुटलं की बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. नाना खूश. अशात बाळाबाई सुईण पोट बघायला आली. तिनं दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि नानांकडे वळली.

"लालासाब, पोर जगवायचं हाय का मैदानात कुस्तीची जोड लावायची हाय?"

"दोन गेली, बाळाबाई. ह्ये तिसरं मी हलकं हू देणार न्हाय."

"तुज्या पठ्ठ्यांस्नी खुराक देतोस, तवा मेहनत करून घेत्यात का न्हाय?"

"घेत्यात की! वस्ताद सोडतोय व्हय? नुसता खाऊन बसला तर पैलवान सुटतोय. दम लागतोय, पाय..."

नानांची नजर खाली गेली. लेकीच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले.

आणि आमच्या शहाण्यानं काय करावं? दुसऱ्या दिवसापासून सगळंच बंद केलं. दूध नाही, भाकरी नाही, दोन वेळा पातळ पेज. बाळाबाईला कळलं तशी ती दारातूनच बरसली, "आता काय इहिणीचं वळण घेतलंस व्हय? चार बायका खात्यात तसं खाऊ दे तिला, आणि घरात हिंडू दे!" मग नानांनी ऐकलं. पण पोर वाढायचं ते वाढलं होतं.

बाळंतपणाच्या दिवशी सकाळी पोराचं डोकं बाहेर आलं आणि खांदे अडले. विठाबाईनं आईचे गुडघे तिच्या पोटाशी दाबून धरले, बाळाबाईनं कसंबसं पोर सोडवलं, तोवर आईचा जीव जायच्या बेतात आला होता. बाहेर नाना दारापासून कोपऱ्यापर्यंत जात होते, येत होते, बसत होते, उठत होते. मुलगा झाल्याची हाक आली. केवढा थोरला मुलगा! तालमीतली पोरं गल्लीत जमली होती, त्यांनी पैलवान आला म्हणून आरोळी ठोकली.

आत बाळाबाई हसत नव्हती. पोराचा डावा हात लुळा पडला होता. अंग गार, हातपाय थरथरत होते, रडणं नुसतं कण्हल्यासारखं. तोंडात बोट दिलं तरी ओढेना.

"ह्यो नुसता दिसाय थोरला हाय," ती म्हणाली. "आत आयतं खात हुता. आता नाळ तुटली, आन् ह्येला वडून प्यायचं ठाव न्हाय." पुढं काय करावं हे तिलाही सुचेना. पहिलं दूध टाकून द्यायचं, तीन दिवस गूळपाणी द्यायचं, अशी रीत विठाबाई सांगत होती. तेवढ्यात नाना खल घेऊन दारात. "बदाम उगाळतो, चाटवूया!"

"ठेवा त्ये खाली!"

हे आई ओरडली. इतक्या महिन्यांत तिचा असा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"माजं पोट सगळ्यांनी चालवलं, आब्बा. सासूनं रितं ठिवलं, तुमी कोंबून भरलं. मला कुणी इचारलं न्हाय. माजं पोर माज्याजवळ द्या, आन् मधी कुणी बोलू नगा."

तिनं पोराला छातीशी घेतलं, ते घट्ट पिवळं दूध स्वतः पिळून त्याच्या ओठांवर सोडलं. एक थेंब, मग आणखी एक. पोर गिळायचं, गळून पडायचं. आई परत सुरू करायची. नाना खल हातात धरून तसेच उभे, खाली ठेवायचंही भान नाही. बाळाबाई पोराचे तळवे चोळत होती. दुपार कलली तेव्हा ती एकदम म्हणाली, "पाय ऊन लागत्यात." आणि मग पोरानं ओढलं. आधी हळू, मग चांगलं चटाचट.

तो माझा थोरला भाऊ, निसार. त्याचा डावा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. पण तो जगला.

संध्याकाळी पोर आईच्या कुशीत झोपलं. नाना उंबऱ्याशी येऊन बसले. हातातला खल खाली ठेवला. मग खालमानेनं म्हणाले, "पोरी, तुला काय पायजे?"

आई म्हणाली, "भूक लागलीया, आब्बा."

इतके दिवस त्यांनी तिला एवढं खाऊ घातलं होतं, पण हे शब्द तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. नाना उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडले.