वीतभर अंतर
ब्रेक लायनिंगचा जळका वास आला, की दुबईच्या अल क्वोजमधल्या गॅरेजातला तो उतार आठवतो. त्या जुन्या मोटारीचा सर्वो ब्रेक चाकांच्या फिरण्यातूनच जोर घ्यायचा, आणि पेडल हलकं व्हावं म्हणून मी शहाण्याने जोडणी बदलून सगळा भार सर्वोवरच टाकला होता. वसईचे फोरमन अंकल उतारावर गाडीपुढे पाठमोरे उभे होते. "यल्ला, चल, हँडब्रेक सोड," ते म्हणाले. मी सोडला, पेडल दाबलं, पण चाकं जेमतेम फिरत होती, सर्वोला जोर मिळणार कुठून? गाडी आवाज न करता त्यांच्याकडे सरकत राहिली. हँडब्रेक हाताशी असून मी पेडलच दाबत बसलो. शेवटी चाकांना वेग आला, आणि त्यांच्या पोटऱ्यांपासून वीतभरावर सर्वोने पकड घेतली. अंकल वळले, बंपरकडे बघून म्हणाले, "काय नेमकी थांबवलीस रे." दुसऱ्या दिवशी मी गुपचूप जुनीच जोडणी परत बसवली. आजही नाताळच्या फोनवर अंकल त्या ब्रेकची तारीफ करतात, आणि मी थँक्यू म्हणतो.