संकष्टीचं रिकामं ताट

देवावर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. बाबा फॅक्टरीच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरी देवापुढच्या फुलांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असत. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले, आणि जगातली प्रत्येक चूक दुसऱ्या कुणाचीतरी असते, हेही बहुधा तिथेच शिकले. मागच्या वर्षी आईला निमोनिया झाला आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या शहरात, मदन महलजवळच्या एका खासगी रुग्णालयात तिला भरती केलं, तेव्हा मी तिच्या उशाशी बसून चुकाच टिपत होते. सलाईन संपून तास झाला तरी कुणी फिरकलं नाही. दोन वॉर्डांना मिळून एकच सिस्टर. मी तिला अडवून जाब विचारला की आई खाटेवरून म्हणायची, "काहून भांडून राहिली वं त्या पोरीशी? तिलाही दोनच हात आहेत. तुझ्या बाबांच्या पत्रकांनी कोणाचा ताप उतरला होता का?"

चौथ्या दिवशी दुपारी मी मोबाइलवर तक्रारीचा अर्ज लिहीत बसले होते. जेवणाची गाडी कधी येऊन गेली, ते मला कळलंही नव्हतं. सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन आली. आईला मधुमेह आहे. सिस्टरने खाटेजवळच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं आणि मला विचारलं, "दीदी, माताजी ने खाना खा लिया?" मी मान वर न करता म्हटलं, "हाँ, खा लिया." तिने इंजेक्शन दिलं, कागदावर लिहिलं आणि गेली. थोड्या वेळाने आईचा डोळा लागला. मला बरंच वाटलं. अर्ज निवांत पुरा करता येणार होता.

दोन तास मी त्या अर्जातच होते, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको धापा टाकत परत आली. मंडला जिल्ह्याकडची, उतारवयाची बाई. तिच्या नवऱ्याला नुकतीच सुट्टी मिळाली होती. ती दोघं रिक्षात बसलीही होती, पण एक्स-रेचा लिफाफा गादीखाली राहिला म्हणून ती जिने चढून आली होती. लिफाफा काढून वळताना तिने आईकडे बघितलं आणि तिच्या कपाळाला हात लावला. "बिटिया, ये तो पसीने में भीग गई हैं! इनका तो आज उपवास है ना? थाली तो मुझे खिला दी थी, बोलीं चाँद देखकर खाऊँगी."

संकष्टी होती. आईची संकष्टी चाळीस वर्षांत कधी मोडली नव्हती, आणि मी वाद घालीन म्हणून तिने मला सांगितलं नव्हतं; सिस्टरने विचारलं तेव्हाही माझ्यासमोर तिने ते उघड केलं नाही. चंद्रोदयापर्यंत न जेवणारी बाई वॉर्डात आहे, हे त्या मध्य प्रदेशी सिस्टरला कुठून कळणार? कळायला हवं होतं ते मला. मी हाका मारल्या, आई उठेना. सिस्टर धावत आली, बोट टोचून शुगर तपासली; उपाशीपोटी इन्सुलिन गेल्याने ती फारच खाली गेली होती. तिने लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. मी भिंतीला टेकून हात जोडले. कोणाला जोडले, माहीत नाही. एकही मागणी सुचेना. फक्त 'सांभाळ' एवढंच आत म्हणत राहिले.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. ती बाई तोपर्यंत निघून गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

आई वाचली, पण सगळी परत आली नाही. शुगर फार वेळ खाली राहिली होती, असं डॉक्टर म्हणाले. शाळेत तीस वर्षं पाढे शिकवलेली माझी आई आता पाचाच्या पाढ्यात अडखळते, आणि कधी कधी मला "कोणत्या वर्गातली गं तू?" विचारते. त्या बाईला बाप्पाने पाठवलं, असं ती म्हणते. मी वाद घालत नाही. लिफाफा विसरला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला पुढे नेववत नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी कळलं की रुग्णालयाने सिस्टरकडून लेखी खुलासा मागितला आहे. मी अर्ज दिला, पण नव्याने लिहून. दोन वॉर्डांना एक सिस्टर हे त्यात होतं, जेवण झालं का हे रुग्णालाच विचारा हेही होतं. पण पहिली ओळ होती, "खोटं उत्तर मी दिलं." इतकी पत्रकं वाचली, त्यांतल्या एकाचीही सुरुवात अशी नव्हती. "माहीत नाही, आईला विचारते" एवढं म्हटलं असतं तर आई आज शाबूत असती. मला वाटतं, शरण जाणं म्हणजे एवढंच असावं. आपल्याला ठाऊक नाही हे वेळेवर कबूल करणं. मला ते उशिरा जमलं. तरीही आई सकाळी उठून बसते, माझ्या हातचा चहा घेते. कुठल्या नावाने आभार मानायचे ते ठाऊक नाही, पण रोज मानते.