माझ्या चहाचं अत्तर

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी होतं. त्या वर्षी एका माणसाशी मी एकवीस दिवस बोललो नाही, आणि तो माणूस असा की उल्हासनगरात, अंबरनाथात, पार बदलापूरच्या पुढपर्यंत त्याच्यासारखं नाक असलेला दुसरा जन्मला नाही आणि जन्मणारही नाही. आपण डोळ्यांनी बघतो, हा नाकाने बघायचा. एवढं नाव कमावलेलं नाक दिसायला मात्र भज्यातल्या मिरचीएवढं. बघणाऱ्याला वाटावं, देवाने घाईत लावलंय आणि नंतर मोठं लावायचं विसरून गेलाय.

तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला अत्तरवाला. जातीचा सिंधी, वयाने माझ्यापेक्षा दोनच वर्षं लहान, पण मला मामा म्हणायचा, कारण डेपोतले सगळे ड्रायव्हर-कंडक्टर मला मामाच म्हणायचे. विठ्ठलवाडी डेपोच्या बाहेर माझी चहाची टपरी होती, अडतीस वर्षं. माझं शिक्षण तिसरी पास. चौथीत गुरुजींनी माझं गणित चूक म्हणून खोडलं, गणित बरोबर होतं, म्हणून मी शाळा सोडली. ते गणित अजून बरोबर आहे. टपरी सुरू करून महिना झाला नसेल, तेव्हा हा पहिल्यांदा आला. पहाटेची वेळ. ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि हुंगत बसला. ग्लासावर साय धरली तरी याचा घोट नाही. मी म्हणालो, "शेठ, चहा पितात. हुंगत नाहीत." तो डोळे न उघडता म्हणाला, "मामा, पीना तो सबको आता है." मग तो थंड चहा बाजूला ठेवून दुसरा मागितला आणि तो मात्र एका दमात संपवला. तेव्हापासून मी गॅस पेटवून दुधाचं पातेलं चढवलं की हा हजर. दुकान दहाला उघडायचं, पण म्हणायचा, नाक सकाळीच खरं बोलतं, रिक्षा सुरू झाल्या की खोटं बोलायला लागतं.

माणसांची नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत, वास राहायचे. आमच्या पोस्टमनला तो 'ओला कागद' म्हणायचा. डेपो मॅनेजरला 'नवा बूट'. पत्ता विचारला तर सांगायचा, "बेकरीचा पाव आला की उल्टे हाथ, फिर जहाँ डिंक का वास आयेगा, वहाँ सीधा हाथ." बाहेरगावचा माणूस हे ऐकून घाबरून दुसऱ्याला विचारायचा. एवढा अत्तराचा व्यापार, पण स्वतःच्या अंगाला कधी थेंब लावला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "हलवाई जिलेबी खाता है क्या?" एकदा अंबरनाथ पश्चिमेला त्याच्यासाठी जागा बघायला आम्ही दोघं गेलो. दुसरा मजला, स्टेशन जवळ, भाव वाजवी, खिडकीतून झाड दिसतंय. हा जिन्यातच थांबला. भिंतीला नाक लावलं. एजंट म्हणाला, "शेठ, रंग नवा आहे." हा म्हणाला, "रंग के नीचे झगडा है. बीस साल पुराना." आणि उतरून चालू पडला. मी त्याला वाटभर शिव्या दिल्या. नंतर कळलं की त्या जागेवरून दोन भावांची खरंच केस चालू होती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रोज जिने हुंगत फिरला असता.

माझी बहीण बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर दिलेली आहे. तिथून मी गवती चहा आणायचो, बाजारातली पाती मला चालत नाही. एकदा भात पोसवायच्या दिवसांत हा हट्टाने बरोबर आला. पाडा दिसायच्या आधीच बांधावरून खाली उतरला आणि पांढऱ्या झब्ब्यासकट भाताच्या लोंब्यांत तोंड घालून आडवा झाला. हलेना, बोलेना. माझा मेव्हणा कोयता टाकून धावला, "पावण्याला लागलं काय तरी! चावलं का काय?" सगळा पाडा गोळा झाला. कुणी पाणी आणलं, एका म्हातारीने कांदा फोडून नाकाशी धरला. कांदा नाकाशी येताच हा ताडकन उठला आणि रडकुंडीला येऊन ओरडला, "कौन लाया प्याज? आधा खेत बाकी था!" बहीण अजून विचारते, "दादा, तुझा तो शेत हुंगणारा कसा आहे?"

तर असा हा माणूस. पुढे माझ्या गुडघ्यांनी संप केला आणि मी टपरी बंद केली. शेवटच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी नारळ दिला, शाल दिली, भाषणं केली. हा एका कोपऱ्यात रिकामं पातेलं हुंगत उभा होता. मला म्हणाला, "मामा, तेरी चाय का अत्तर बनाऊंगा." मी हसलो. चहाचं काय अत्तर होतं होय?

पण त्याने बनवलं. दीड वर्ष लागलं. त्या बावीस सालात, मुलीकडे इंदूरला कायमचं जायचं ठरल्यावर, दुकान मोडायच्या आधीचं हे शेवटचं काम म्हणून त्याने ती बाटली काढली आणि दुकानाबाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची परीक्षा घ्यायला बसला. "बहनजी, हाथ देना जरा," म्हणायचा. पहिली बाई म्हणाली, "काका, वयाचं तरी बघा." दुसरीने हात दिला, वास घेतला आणि म्हणाली, "सर्दीचा काढा आहे का?" कॉलेजातल्या एका पोराने मनगट हुंगून सांगितलं, "अंकल, मस्त आहे, पण हे लावून गेलो तर लोक विचारतील बिर्याणी कुठे खाल्लीस." शेजारच्या पानवाल्याला तो डोकेदुखीचा बाम वाटला. एक नवी नवरी आली. तिने डोळे मोठे करून नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या आईच्या किचनसारखा येतोय." ते चांगलं की वाईट, हे नवऱ्यालाही कळलं नाही. आमच्या चाळीतले एक दादा कारखान्यातून रिटायर झालेत. त्यांनी जयभीम करून हात पुढे केला आणि बराच वेळ नाकाशीच ठेवला. म्हणाले, "कँटीन. दुपारचे तीन. भोंगा व्हायला पाच मिनिटं आहेत." अत्तरवाला प्रत्येकाला सांगायचा, "गलत कुछ नहीं होता, जो आया वो सही." पण बाम म्हटल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, ते मी बघितलं.

मग माझी पाळी. त्याने फाया माझ्या मनगटाला लावला आणि श्वास धरून उभा राहिला. मी हुंगलं. आधी आलं. मग वेलची. लवंग कणभर जास्त, पण माझीच. मग गवती चहा, तोही बहिणीच्या परसातला, बाजारचा नव्हे. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि मग सगळ्याच्या शेवटी, शेपटाला, करपट काहीतरी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"क्या?"

"दूध लागल्याचा वास येतोय."

त्याचा चेहरा असा फुलला, जसं काही मी त्याला बक्षीस दिलं. "वही तो! छह महिने उसी को पकडने में गये. इलायची तो कोई भी डालेगा, मामा."

"माझं दूध कधी लागलं नाही."

"रोज लगता था."

"अडतीस वर्षांत एकदा नाही."

"रोज, मामा. रोज."

आता तुम्हीच सांगा. चहावाल्याला चोर म्हणा, खोटा म्हणा, पण त्याचं दूध लागतं म्हणू नका. मी म्हणालो, "काढ तो वास." तो म्हणाला, "निकाला तो चाय नहीं रहेगी, साबण रहेगा." मी म्हणालो, मग साबण म्हणून विक. तेवढ्यात एक रिटायर कंडक्टर दुकानात आला, त्याने हुंगलं आणि ओरडला, "अरे, हा तर मामांचा चहा! पहिल्या गाडीच्या वेळचा!" मी त्या दोघांची मिलीभगत ओळखली आणि घरी निघून आलो.

त्याची एक पद्धत होती. प्रत्येक बाटलीवर तो कागदाची चिठ्ठी चिकटवायचा आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने सिंधी लिपीत नाव लिहायचा, उजवीकडून डावीकडे. नाव लिहिलं की अत्तर पुरं झालं. ही बाटली त्याने तशीच कोरी ठेवली. कंडक्टरच्या हाती निरोप पाठवला, की मामा 'हा माझाच चहा' म्हणेल तेव्हा चिठ्ठी लागेल, नाहीतर बाटली मोरीत ओतीन आणि इंदूरला हात हलवत जाईन. मी उलट निरोप दिला, आधी दूध काढ. बिचारा कंडक्टर, आयुष्यभर ज्या रस्त्याने तिकिटं फाडत गेला, त्याच रस्त्याने आता आमचे निरोप नेत होता. एकवीस दिवस. तिकडे दुकानातली कपाटं विकली जात होती, सामान बांधलं जात होतं, जायची तारीख ठरली होती, सगळं मला कळत होतं. आता त्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात, आणि मी त्या गल्लीतून जातच नाही. पण तेव्हा जाता येत होतं, तो आत बसलेला होता, आणि तरी मी गेलो नाही. माझं गणित बरोबर होतं ना.

एकविसाव्या दिवशी दुपारी कंडक्टर ती बाटली आमच्या घरीच ठेवून गेला. म्हणाला, "मामा, माझे पाय दुखले. आता तुम्ही बघा." मी बाटलीकडे पाठ करून बसलो. आमची ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बूच काढलं, हुंगलं आणि हातातली घडी तशीच मांडीवर ठेवून बसून राहिली.

"अहो, हा तुमचा सदरा."

"कुठला सदरा?"

"कुठला म्हणजे? रोजचा. टपरीवरून आलात की काढून टाकायचात तो. मीच धुतलेत ना?"

"म्हणजे दूध लागलेला वास यायचा माझ्या सदऱ्याला?"

"यायचा की. शुक्रवार सोडून."

मी वळलो. "शुक्रवारी काय?"

"शुक्रवारी त्यांचं मार्केट बंद. शेठ यायचे नाहीत. तुम्ही मुकाट्याने पातेल्याकडे बघत उभे राहत असणार. शुक्रवारचा सदरा नुसता आल्याचा."

"आणि हे तू मला अडतीस वर्षांत सांगितलं नाहीस?"

"सांगून ऐकलं असतंत?" ती हसली आणि पुन्हा घडी घालायला लागली. "आणि मला काय त्याचं? सकाळी सकाळी तुमच्याशी कुणीतरी तासभर बोलत बसतंय, एवढं मला त्या सदऱ्यावरून कळायचं. बरं वाटायचं."

मी दोन वेळा हिशोब करून बघितला, बोटांवर. तो यायचा, बोलायला लागायचा: कुणाच्या घराला कसला वास, कुठल्या माणसाचा वास बदललाय, आज हवेत काय आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो, आणि तळाला दूध बसायचं. मला कळायचं नाही, कारण मी तिथेच उभा. आणि तो आला नाही त्या दिवशी दूध चांगलं राहायचं. म्हणजे माझा न लागलेला चहा त्या माणसाने आयुष्यात एकदाही घेतला नव्हता. तो खोटं बोलत नव्हता. मीही नव्हतो, निदान शुक्रवारी तरी नव्हतो. सत्तर पैशांची अक्कल लागत होती हे समजायला, तीही मला बायकोकडून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली सदऱ्याच्या खिशात घातली आणि रिक्षा करून कॅम्प चारला गेलो. दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. तो जमिनीवर बसून खोक्याला सुतळी बांधत होता. मी उभ्यानेच सांगितलं, "दूध लागायचं. पण तुझ्या बडबडीने लागायचं." त्याने सुतळीची गाठ पुरी केली, हात झब्ब्याला पुसले. हसला नाही, कुणी सांगितलं विचारलं नाही. कागदाचा तुकडा काढून त्यावर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं, मोठं होतं, एका नावाच्या मानाने बरंच मोठं. मला वाचता येत नव्हतं आणि मी विचारलं नाही. मी एका खोक्यावर टेकलो, चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, मागून डिंक लावला, बाटलीवर बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली. तो शेजारी येऊन बसला आणि बोलायला लागला. डिंक केव्हाच सुकला होता. मी अंगठा काढला नाही.