अक्काची भाऊबीज

देवासच्या भास्करला घरच्यांनी बकुळा म्हणून वाढवलं; पण कळायला लागल्यापासून तो स्वतःला मुलगाच मानत आला. अठ्ठ्याण्णव साली त्यानं केस कापले, नाव बदललं आणि पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांनी फार चौकशा केल्या नाहीत. बंद पंप चालू करून देणारा माणूस 'भास्कर भिया', म्हणजे भाऊ, म्हणतोय स्वतःला, तर म्हणा ना! एवढी अक्कल बाजाराला असते, घरच्यांना यायला वर्षं लागतात. त्याच्या आईच्या, माईंच्या, तोंडून 'तो' निघेना, 'ती' म्हटलं की पोर जेवत नसे. मग "आमचं शेंडेफळ आलं का?" असं म्हणून त्या वेळ मारून नेत.

थोरली बहीण अक्का धरमपुरीला दिलेली. ती मात्र फोनवर ठणकावून विचारी, "ती आहे का घरी?" शेजारी उभ्या भास्करच्या जिव्हारी लागे.

भाऊ नाही म्हणून अक्का दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळी. आपण जिवंत असताना चंद्र कशाला, या विचारानं भास्करचा सण कडू होई.

दोन हजार चार साली माईंनी त्याला भाऊबीजेच्या सकाळी जबरदस्तीनं बसमध्ये बसवलं. ओवाळणीची साडी त्यानं घेऊन ठेवली होती, पण ती घरीच ठेवून निघाला. साडी नेणं म्हणजे अक्काकडे भावाचा पाट मागणं. आणि ती नाही म्हणाली तर?

दिवेलागणीला अक्का तबक घेऊन अंगणात आली. बीजेची कोर नर्मदेकडे कलली होती. भास्कर पायरीवर मान खाली घालून बसला.

"चल गं, चंद्र बुडेल," सासूबाई म्हणाल्या.

"रहने दो आई, बुडू दे." अक्कानं स्वतःच पाट मांडला. "सकाळी माईचा फोन आला. म्हणाली, तो निघालाय. मी विचारलं, तो कोण? तर म्हणाली, तुझा भाऊ. ऊठ रे, बस इथं."

भास्कर उठून पाटावर बसला. अक्कानं टिळा लावला, ओवाळलं आणि रिवाजाप्रमाणे तबक पुढे धरलं. त्यात घालायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"साडी देवासलाच ठेवून आलो, अक्का. भ्यालो गं मी."

"मी तर सहा वर्षं भीत होते, तुला भाऊ म्हणायला," अक्का म्हणाली आणि तबक तसंच हातात धरून रडायला लागली.