कडावच्या राबावर

मे महिन्यात माणसं कोकणाकडे आंबे खायला जातात. मी कूलर घेऊन निघालो, तेव्हा अकोल्यातल्या शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. पत्र्याचा लहानसा कूलर, माझ्याच हातचा, नव्या कोऱ्या वाळ्याच्या ताट्या लावलेला. आयुष्यभर कूलर बनवून पोट भरलं, आता लेकीच्या सासरी जाताना दुसरं काय न्यायचं? कीर्तीने फोनवर बजावलं होतं की बाबा, इथे तो चालणार नाही. पण उन्हाळ्याच्या बाबतीत वऱ्हाडातला माणूस कुणाचं ऐकून घेत नाही. आमच्याकडे डांबर वितळून चपलेला चिकटतं, रायगडची गरमी ती काय, हे मी कल्याण येईपर्यंत अख्ख्या डब्याला ऐकवलं.

कल्याणला जावई गाडी घेऊन आले होते. कर्जत जवळ आलं तशी डोंगराची रांग डाव्या हाताला दिसू लागली, आणि माझा सदरा पाठीला चिकटला तो चिकटलाच. अकोल्यात घाम येतो आणि लगेच उडून जातो. इथे तो येतो आणि पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. जावयांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण शहाणा मुलगा, नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

कडावला घर रस्त्यापासून आत, शेताच्या कडेला. माझे व्याही हरीभाऊ अंगणात उभे होते. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर आणि पाय अनवाणी. "या इवाय," म्हणाले. व्याह्याला वऱ्हाडात आम्ही इवाई म्हणतो. एवढ्या लांब येऊन हा शब्द सापडला म्हणून मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं. विहीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला. हरीभाऊंचा बिनसाखरेचा, कारण त्यांना साखरेचा आजार होता. मलाही आहे, म्हणून माझाही बिनसाखरेचा. बायकांची पाठ वळल्यावर हरीभाऊंनी खिशातून गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला. तिथेच आमचं जमलं.

संध्याकाळी मी मोठ्या थाटात कूलर लावला. तासाभरात सगळं घर दमट झालं, गादी ओलसर लागू लागली आणि माणसं आधीपेक्षा जास्त घामाघूम. हवेतच आधीपासून पाणी भरलेलं, तिथे ताटीवरचं पाणी उडून कुठे जाणार? हरीभाऊ कूलरसमोर बसून शांतपणे म्हणाले, "इवाय, ह्यो घाम घेतो का देतो?" सगळे हसले. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर मनातून चरफडलो होतो.

दुसऱ्या दिवशी हरीभाऊ मला पळसदरीच्या धरणावर घेऊन गेले. धरण उन्हाळ्याने खाली गेलं होतं. कडेचे दगड उघडे पडलेले, आणि लांबवर शनिवार-रविवारच्या मंडळींनी टाकलेल्या बाटल्या. धरणाच्या बाजूला एक छोटं देऊळ आहे. तिथे चपला काढल्या आणि फरसबंदीवर दोन पावलं टाकताच मी बोंबललो. आमच्या उन्हाचा एवढा तोरा मिरवणारा मी माकडासारखा उड्या मारत सावलीत पळालो. हरीभाऊ मात्र रमतगमत, हात मागे बांधून, मधेच थांबून धरणाकडे बघत आले. मी म्हटलं, तुमचे पाय आहेत की लाकूड? ते म्हणाले, "सवय हाय, इवाय. चिखलात नि राबात जलम गेला."

परत येताना पाहतो तर त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. देवळापासून बऱ्याच अंतरावर, मागे वाटेत गळून पडलेली मला दिसली. एक पाय चपलेत, एक मातीत, आणि हा माणूस चालतोय आपला. मी घरी जाऊन तो किस्सा रंगवून सांगितला. कीर्ती हसली, जावई हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि चुलीकडे गेल्या. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

तिसऱ्या दिवशी राब भाजायचा होता. आमच्याकडे हे नाही, म्हणून सांगतो. भाताची रोपं वाढवायचा जो तुकडा असतो त्यावर शेण पसरतात, त्यावर टहाळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), मग पाला, गवत आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. हे रचलेलं जाळतात तो राब. तणाचं बी जळून जातं, जमीन भाजून भुसभुशीत होते आणि पाऊस लागला की तिथेच भात पेरतात. सकाळी वारा बेताचा होता. तो ज्या दिशेला वाहत होता त्या टोकाला हरीभाऊंनी काडी लावली, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते. भडकली तर वरवर जळते आणि खालची जमीन कच्ची राहते.

मी बांधावर उभा. कीर्ती शाळेत असताना माझ्या दुकानातल्या बाकावर बसून उष्णतेच्या तीन वाटा पाठ करायची: वहन, अभिसरण, प्रारण. पत्रा कापता कापता मलाही ते पाठ झालं होतं. आता त्या तिन्ही समोर उघड्या पडल्या होत्या. जाळ माझ्यापासून लांब, मधली हवा वाऱ्याने वाहून जात होती, तरी माझा चेहरा भाजत होता आणि पाठ गार होती. उन्हाची उष्णता येते तशी ती सरळ अंगावर येत होती. राबावरची हवा तापून वर चढत होती आणि जळक्या पानांचे तुकडे डोक्यावरून उंच घेऊन जात होती. आणि तिसरी वाट दिसत नव्हती. ती खाली होती, निखाऱ्यातून मातीत, मातीच्या कणाकणाला चिकटून उतरणारी. हरीभाऊंना सगळी फिकीर त्या तिसरीची. गेल्या वर्षी यांच्या राबात रोपांपेक्षा तण जास्त आलं होतं. भाताला रोपं कमी पडली आणि गावात बोलणी खावी लागली, असं जावयांनी मला हळूच सांगितलं.

भाजलंय की नाही हे कळतं कसं, असं मी विचारलं. हरीभाऊ म्हणाले की त्यांचे वडील राब विझत आला की कडेने अनवाणी जायचे. जिथे पटकन पोळेल तिथे जमीन भाजली, जिथे पाय टेकून ठेवता आला तिथे कच्ची. "पाय सांगतो," ते म्हणाले.

ऊन कलल्यावर आम्ही दोघेच परत गेलो. राब राखाडी झाला होता. धूर जवळजवळ नव्हता, वर मऊ राख आणि भाजकी माती. दिसायला इतका निवांत की मीसुद्धा पाय टाकला असता. हरीभाऊ काठी घेऊन अनवाणीच आत शिरले. कडेने नाही, सरळ मधे. काठीने टोचत टोचत एका ठिकाणी थांबले आणि माझ्याशी बोलू लागले, की हा कोपरा कच्चा राहिलेला दिसतो, गेल्या वर्षीही इथेच तण माजलं होतं, उद्या परत थोडा पाला घालावा लागेल. मी बांधावरून हुं हुं करत होतो. वाऱ्याची झुळूक आली आणि मला वास आला. आधी वाटलं, शेणाचा असेल. मग मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय घोट्यापर्यंत राखेत रुतले होते आणि डाव्या पायाभोवती बारीक धूर निघत होता.

मी ओरडलो, "हरीभाऊ, पाय काढा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "काय झालं?" म्हणाले. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं नवल होतं. ते बाहेर आले तेही चालतच. राख वरून निवते आणि खालचा निखारा उबेत झाकून ठेवते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बांधावर बसवून मी त्यांचा तळवा वर केला. त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. मी बोअरचा पाईप ओढून आणला आणि पाण्याची धार सोडली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू भाजलं होतं ते मला.

कर्जतच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून पुढे खोपोलीला न्यायला सांगितलं. खोपोलीच्या शिळफाट्याला गाड्यांची रांग लागली होती. लोणावळ्याकडे निघालेली माणसं काच खाली करून भजी घेत होती. मागच्या सीटवर हरीभाऊंचा पाय माझ्या मांडीवर, ओल्या टॉवेलात. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दुखत नाय. कशाला एवढी धावपळ? दुखत नाय." एवढा भाजलेला माणूस किंचाळला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. साखरेने पायाच्या नसा मरतात, म्हणाल्या. उष्णता तळव्यातून आत जात राहते, पण पाय काढा असं सांगणारं कुणी उरत नाही. आधी दोन बोटं काढली. जखम भरेना, काळं वर चढत गेलं, आणि शेवटी घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. मी चार दिवसांसाठी गेलो होतो, महिना काढला.

दवाखान्यात एकदा आम्ही दोघेच असताना हरीभाऊ बोलले. भिंतीकडे बघून बोलले. "दोन सालं झाली, इवाय. पायाला कायच कळत नाय. सांगितलं असतं तर राबात कोन जाऊ देनार? गेल्या सालाला नुसतं सोंग केलं, राब कच्चा ऱ्हायला. औंदा म्हटलं, जरा जास्त उभा ऱ्हातो. थोडं तरी पोळंल." मी त्यांचा हात धरला आणि रडलो. बाहेर बाकावर विहीणबाई बसल्या होत्या. बांधावर, विहिरीपाशी, वाटेत पडलेल्या त्यांच्या चपला त्या दोन वर्षं उचलून आणत होत्या आणि न बोलता दारात जोडून ठेवत होत्या. त्यांना वाटायचं, वयामुळे विसरतात.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मलाही खाटेवर बसवलं. डोळे मिटायला लावले आणि माझ्या तळव्यांना बारीक दोरा टेकवत कळतंय का विचारू लागल्या. मी कळतंय कळतंय म्हणत गेलो. डोळे उघडले तेव्हा त्या काहीतरी लिहीत होत्या. घरी जाऊन रोज पाय बघत जा, म्हणाल्या, आणि अनवाणी अजिबात नाही.

कूलर कडावलाच राहिला. अकोल्याला उतरलो तर आमचं ते कोरडं, खरपूस ऊन. घाम येताच उडून गेला आणि मला घर आल्याचं समजलं. पण त्या उन्हाच्या बढाया मारायची हौस मात्र संपली आहे. उष्णता वाईट असं मी जन्मभर म्हणत आलो, तिला अडवायचाच धंदा केला. आता वाटतं, ती आत शिरली आणि आपल्याला समजलं नाही, यासारखं भय नाही.

पावसाला सुरुवात झाल्यावर जावयांनी त्याच राबावर पेरलं. कीर्ती सांगते, रोपं दाट आणि हिरवीगार आली आहेत, तण नावाला नाही. हरीभाऊंना कच्चा वाटलेला तो कोपरासुद्धा. जमीन चांगलीच भाजली होती.

आमच्याकडे पाऊस अजून नाही. काल भर दुपारी मी गच्चीवर गेलो, चपला काढल्या आणि तापलेल्या कोब्यावर दोन्ही पाय टेकवले. टाचा चरचरल्या. उजवा अंगठा चरचरला. डावा अंगठा मी दाबून धरला, आणखी थोडा वेळ दाबून धरला. मग तिथेच उभ्या उभ्या हरीभाऊंना फोन लावला. त्यांची कुबडी, रोपं, पाऊस सगळं विचारून झालं. ठेवू का म्हणालो, आणि ठेवता येईना. शेवटी सांगितलं, की हरीभाऊ, मी गच्चीवर आहे, डाव्या अंगठ्याला पोळत नाहीये.

"आदी चप्पल घाला, इवाय," ते म्हणाले. "मंग बोला."